हजेरी घेणारा कोण?

‘संगणक : शाप की वरदान’ या विषयावर शाळेत असताना आपण सर्वांनीच निबंध लिहिला आहे, आणि शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असे म्हणून सुटका करून घेतली आहे. आज मला लिहायचे आहे ते त्याहून पुष्कळ बारीक गोष्टीबद्दल. दोन सर्व्हर मांडलेले असताना काम एकच सर्व्हर करीत होता, आणि हे कळायला एका संस्थेला जवळजवळ वर्ष लागले, त्याची ही हकीकत. कला व वाणिज्य शाखेच्या वाचकांनी एवढ्यावरच पान उलटू नये. विषय तांत्रिक खरा, पण त्यातले भांडण अगदी घरगुती आहे.

गेल्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी मी दोन महिने एका शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागात जात होते. संस्थेचे नाव सांगत नाही. तेथील माणसे चांगली होती आणि असा प्रकार कोठेही घडू शकतो. प्रवेशाचे अर्ज तेथे संगणकावरून भरून घेत. अर्जाबरोबर गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो असे सारे स्कॅन करून अपलोड करावे लागे. एकावर ताण पडू नये म्हणून दोन सर्व्हर घेतलेले होते. प्रथम दोन्ही जुन्या इमारतीत एकाच खोलीत होते. पुढे नवी इमारत झाली तेव्हा, एकीकडे वीज गेली तरी दुसरीकडे काम चालावे या शहाण्या विचाराने एक सर्व्हर उचलून तिकडे नेला. प्रत्येक इमारतीत एक स्विच, दोन्ही स्विचना जोडणारी एक केबल, आणि बाहेरच्या जगाकडे जाणारा राऊटर जुन्या इमारतीतल्या स्विचला. एवढे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर पुढचे सारे समजेल.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर संकेतस्थळ रांगू लागले. खानापूरकडच्या एका खेड्यातून एक गृहस्थ मुलीला घेऊन थेट कार्यालयातच आले. गावच्या दुकानात त्यांनी तीनदा पैसे मोडले होते आणि तिन्ही वेळा दाखला अपलोड होता होता अडकला होता. रात्री साडेआठपर्यंत ती दोघे बाकावर बसून होती. शेवटची बस गेली. अखेर कारकुनाने अर्ज कागदावर लिहून घेतला व पोच दिली.

त्या वेळी आत काय चालले होते? जुन्या इमारतीतला सर्व्हर धापा टाकीत होता आणि नव्या इमारतीतला आरामात बसून होता. सर्व्हरवाले सर म्हणत, “माझे दोन्ही सर्व्हर हिरवे दिसताहेत. दोष नेटवर्कचा आहे.” नेटवर्कवाले सर मूळचे धारवाडचे, मराठी उत्तम बोलतात, पण राग आला की कन्नडमध्ये शिरतात. ते म्हणत, “केबल चालू आहे, पिंग चालू आहे, नंदेनू तप्पिल्ला!” म्हणजे माझी काही चूक नाही. गंमत अशी की आपापल्या खोलीपुरते दोघांचेही खरे होते.

ही व्यवस्था म्हणजे विंडोजमधले ‘नेटवर्क लोड बॅलन्सिंग’. मुळात व्हॅलेन्स रिसर्च नावाच्या एका लहान कंपनीने ती ‘कॉन्व्हॉय’ या नावाने तयार केली. १९९८ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. यातील कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. कामाची वाटणी करणारा मुकादम येथे कोणीच नाही. सगळे सर्व्हर एकाच आयपी पत्त्याला ओ देतात. येणारी प्रत्येक मागणी सर्वांच्याच दारात जाते, आणि प्रत्येक जण मनाशी गणित करून ठरवतो की ही आपली की दुसऱ्याची. गणित सर्वांचे सारखेच, म्हणून उत्तर एकच जण देतो आणि बाकीचे ती मागणी टाकून देतात. अशी जास्तीत जास्त ३२ मंडळी एका गटात राहू शकतात. मात्र गणित जमायचे तर आपण किती जण आहोत हे प्रत्येकाला ठाऊक हवे. त्यासाठी प्रत्येक सर्व्हर दर सेकंदाला ‘मी आहे’ असा एक हार्टबीट पाठवतो. कोणाचे पाच हार्टबीट लागोपाठ चुकले की इतर जण त्याला वगळून नवी वाटणी करतात.

आता ‘सर्वांच्या दारात जाते’ हे म्हणायला सोपे, पण स्विचचा स्वभाव याच्या उलट आहे. स्विच हा जुन्या पोस्टमनसारखा. कोणत्या दारातून कोणाची पत्रे येतात हे तो बघून ठेवतो आणि त्या नावाचे पत्र त्याच दारात टाकतो. एकच नाव दोन दारांवर असले की त्याचा गोंधळ होतो. या व्यवस्थेच्या कर्त्यांनी त्यावर तीन तोडगे काढले.

पहिला तोडगा युनिकास्टचा. सर्व्हर पत्र पाठवताना आपले खरे नाव लपवतात, म्हणजे स्विच ते शिकतच नाही. आणि न शिकलेला स्विच पत्राच्या प्रती करून प्रत्येक दारात टाकतो. पोस्टमनला मुद्दाम अडाणी ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

दुसरा तोडगा मल्टिकास्टचा. येथे सर्व्हरांना गटाचा मॅक पत्ता देतात. समाईक आयपी पत्ता १०.१.२०.५० असेल तर हा मॅक पत्ता ०३-बीएफ-०ए-०१-१४-३२ असा होतो. शेवटचे चार आकडे म्हणजे तोच आयपी पत्ता, सोळाच्या पायावर लिहिलेला. याला पहिली हरकत घेतो राऊटर. एका माणसाच्या आयपी पत्त्याला गटाचा मॅक पत्ता कोणी सांगितला तर राऊटरने त्यावर विश्वास ठेवू नये, असे १९९५ च्या आरएफसी १८१२ मध्ये स्वच्छ लिहिले आहे. म्हणून ‘प्रयोगशाळेतून उघडते, दुसऱ्या नेटवर्कमधून उघडत नाही’ अशी तक्रार आली की आधी राऊटर पाहावा आणि ती जोडी त्याच्यात हाताने लिहावी. नंतर वाटेवरच्या प्रत्येक स्विचमध्ये हा मॅक पत्ता कोणकोणत्या पोर्टांवर आहे तेही हाताने लिहावे लागते, आणि त्यात दोन स्विचना जोडणारा पोर्टही आला. नेमका तोच पोर्ट लिहायचा राहतो. पुढे केबल एका पोर्टातून काढून शेजारच्या पोर्टात घातली की लिहिलेले सगळे खोटे ठरते, आणि केबल हलवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

तिसरा तोडगा आयजीएमपीचा, आणि आमच्या हकीकतीत तोच वापरलेला होता. मॅक पत्ता ०१-००-५ई-७एफ-१४-३२ आणि त्याचा गट २३९.२५५.२०.५०. सर्व्हर दर मिनिटाला ‘मी या गटात आहे’ असे जाहीर करतो आणि स्विच ते ऐकून कोणत्या पोर्टावर गटाचे सभासद आहेत याची यादी करतो. हाताने काही लिहायला नको. ऐकायला हे सर्वांत चांगले वाटते, आणि आहेही. पण गाडे अडले ते येथेच.

आयजीएमपीची मूळ रचना स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये मांडली. तिच्यात बोलणारे दोनच : हजेरी घेणारा राऊटर, आणि ‘हजर’ म्हणणारे यंत्र. स्विचला त्यात स्थान नाही. स्विच हे बोलणे मधून चोरून ऐकतो, म्हणून त्याला ‘स्नूपिंग’ म्हणतात. स्विचांनी कसे ऐकावे यासंबंधी २००६ साली आरएफसी ४५४१ निघाली, तीही सल्ल्याच्या स्वरूपाची. सक्तीचा नियम नव्हे. म्हणजे आपण ज्याच्या भरवशावर सर्व्हर मांडतो ती गोष्ट मुळातच दुसऱ्यांचे संभाषण कान देऊन ऐकण्याची आहे. संभाषण झालेच नाही तर ऐकणार काय?

वसतिगृहाचे उदाहरण घेऊ. दोन मजले, प्रत्येक जिन्यापाशी एक पहारेकरी. खाली बसलेले वॉर्डन अधूनमधून हजेरी घेतात. त्यांचा आवाज कोणत्या जिन्यातून येतो त्यावरून वरच्या पहारेकऱ्याला समजते की वॉर्डन तिकडे आहेत, आणि मुलांचे ‘हजर’ तो त्या दिशेला पोचवतो. समजा वॉर्डनची नेमणूकच झालेली नाही. मुले शिस्तीची आहेत, न विचारताही दर मिनिटाला ‘हजर’ म्हणतात. वरचा पहारेकरी ते ऐकून आपल्या वहीत टिपतो, पण ते कोणाला कळवायचे हे त्याला ठाऊक नाही. त्यामुळे खालच्या पहारेकऱ्याच्या वहीत वरच्या मजल्यावरच्या मुलांची नावे कधीच येत नाहीत. खाली पत्र आले की तो म्हणतो, या गटाचा एकच मुलगा आहे, खालच्या खोलीतला. आणि पत्र त्यालाच देतो.

आमच्याकडे तंतोतंत हेच झाले होते. हजेरी घेणाऱ्याला आयजीएमपीच्या भाषेत ‘क्वेरिअर’ म्हणतात, आणि त्या संस्थेत क्वेरिअरच नव्हता. दोन्ही सर्व्हर एका खोलीत, एका स्विचवर होते तोवर याने काही बिघडले नाही, कारण एकाच पहारेकऱ्याच्या वहीत दोघांचीही नावे होती. चाचणी झाली ती तेव्हाच. सर्व्हर नव्या इमारतीत गेल्यावर पुन्हा चाचणी कोणी घेतली नाही. का घेतील? संकेतस्थळ चालू होते!

हे मला फार महत्त्वाचे वाटते. हार्टबीटसुद्धा त्याच गटाच्या पत्त्यावर जातात, त्यामुळे तेही दोन स्विचमधली केबल ओलांडीत नव्हते. जुन्या इमारतीतल्या सर्व्हरची समजूत झाली की दुसरा बंद पडला आहे, म्हणून सगळे काम त्याने अंगावर घेतले. नव्या इमारतीतल्या सर्व्हरनेही त्याच्याबद्दल तेच ठरवले आणि येणाऱ्या प्रत्येक मागणीला उत्तर देण्यास तो सज्ज होऊन बसला. फक्त मागणी त्याच्याकडे येत नव्हती. दोघेही हिरवे, दोघेही ‘कन्व्हर्ज्ड’. बिघाड झाला की काहीतरी बंद पडते असे आपण धरून चालतो. येथे काहीच बंद पडले नव्हते, म्हणूनच तो सापडत नव्हता.

शेवटच्या दिवशी रात्री वैतागून कोणीतरी दोन्ही स्विचवरचे स्नूपिंग बंद केले. लगेच दोन्ही सर्व्हर कामाला लागले! दुसऱ्या दिवशी पेढे आले. मुदत तीन दिवसांनी वाढवली होती आणि अर्ज धडाधड येत होते.

माझा विरोध आहे तो या पेढ्यांना. स्नूपिंग बंद केले म्हणजे दोष गेला असे होत नाही. पहारेकऱ्यांच्या वह्या काढून घेतल्या एवढेच. आता प्रत्येक पत्राच्या प्रती सगळ्या दारांत पडू लागल्या. अपलोड होणारी प्रत्येक गुणपत्रिका संस्थेतल्या प्रत्येक पोर्टावर जात होती, कारण सगळी संस्था एकाच व्हीलॅनमध्ये होती. (हा आणखी एक दोष, पण त्यावर निराळा लेख होईल.) वायफायचे तर विशेषच हाल. गटाला उद्देशून आलेली फ्रेम वायफायवर सामान्यतः सर्वांत मंद वेगांपैकी एकाने पाठवतात, कारण दूरच्या यंत्रालाही ती ऐकू जावी लागते. त्यामुळे थोडीशी फ्रेमसुद्धा हवेतला पुष्कळ वेळ खाते. ग्रंथालयात बसलेल्या मुलामुलींचे वायफाय तीन दिवस जवळजवळ बंद होते. त्यांनी तक्रार केली तेव्हा ‘गर्दी वाढली आहे’ असे उत्तर मिळाले. अर्ज भरणाऱ्यांचे दुखणे काढून ते ग्रंथालयाच्या माथी मारले होते, आणि दोन्हींचा काही संबंध आहे हे कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

दहा यंत्रांचे छोटे ऑफिस असेल तर स्नूपिंग बंद ठेवायला माझी हरकत नाही. तेथे दारेच थोडी. पण दोनचारशे पोर्ट असलेल्या संस्थेत हा उपाय म्हणजे एका घरचा नळ नीट चालावा म्हणून सगळ्या गल्लीत पाणी सोडण्यासारखे आहे.

खरा दोष कसा सापडला तेही सांगते. माझ्याकडे फक्त वही सांभाळण्याचे काम होते. नेटवर्कवाले सर म्हणाले, “दोन्ही सर्व्हरना एकच प्रश्न विचारू : तुमच्या गटात कोण कोण आहे?” त्यासाठी एक साधी आज्ञा आहे. रात्री स्नूपिंग पुन्हा चालू केले, थोडा वेळ थांबलो आणि ती आज्ञा आधी जुन्या इमारतीत दिली. उत्तर आले : सभासद १. मग मी पळत नव्या इमारतीत गेले. तेथे उत्तर : सभासद २. दोघेही स्वतःला गटाचे प्रमुख म्हणवीत होते. वर्षभरात हा प्रश्न दुसऱ्या सर्व्हरला कोणी विचारलाच नव्हता! नंतर दोन्ही स्विचमधली गटाची यादी काढली. पहिल्या स्विचवर गट २३९.२५५.२०.५०, पोर्ट एकच, पहिल्या सर्व्हरचा. दुसऱ्यावर तोच गट, पोर्ट एकच, दुसऱ्या सर्व्हरचा. दोन्हीकडे मधल्या केबलचा पोर्ट यादीत नव्हता, आणि ‘राऊटर कोणत्या दिशेला आहे’ या रकान्यात दोन्हीकडे काही नव्हते. सर काही क्षण त्या रिकाम्या रकान्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हजेरी घेणाराच नाही की हो.”

उपाय एका ओळीचा. जुन्या इमारतीतल्या स्विचवर क्वेरिअर चालू केला आणि त्या व्हीलॅनमध्ये त्याला एक आयपी पत्ता दिला. (पत्ता न देता क्वेरिअर चालू केला तर काही स्विच गप्प बसतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.) दोन ठिकाणी क्वेरिअर चालू राहिले तरी भांडण होत नाही, ज्याचा पत्ता लहान तो हजेरी घेतो आणि दुसरा थांबतो. थोड्याच वेळात दुसऱ्या स्विचला राऊटरची दिशा समजली, त्याने आपल्या सर्व्हरचे ‘हजर’ केबलवरून पलीकडे पोचवले, आणि दोन्ही सर्व्हरनी उत्तर दिले : सभासद १, २. राऊटरमध्ये आयपी व मॅक यांची जोडी कोणीतरी पूर्वीच हाताने लिहून ठेवली होती. त्या अज्ञात माणसाचे आभार.

आता माझे मत. आपल्या अभ्यासक्रमात सात थरांची आकृती काढायला शिकवतात. दहा गुणांना ती येते आणि आपण सगळे ती सुरेख काढतो. परंतु हा दोष त्या आकृतीतल्या कोणत्याच एका चौकटीत नव्हता. दुसऱ्या थरातला स्विच तिसऱ्या थरातले बोलणे ऐकतो, त्या फटीत तो होता. तसाच तो सर्व्हरवाले सर आणि नेटवर्कवाले सर यांच्यामधल्या फटीतही होता. आमच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला एक स्विच व दोन संगणक देतात, पिंग आले की प्रयोग संपला. माझी सूचना अशी की दोन स्विच द्यावेत, क्वेरिअर मुद्दाम काढून ठेवावा, आणि ‘सर्व काही हिरवे आहे, तरी काम अर्धेच होत आहे, कारण शोधा’ असा प्रश्न घालावा. यासाठी नवी खरेदी नको. बदललेले जुने स्विच बहुतेक महाविद्यालयांच्या भांडारात धूळ खात पडलेले असतात. त्यांतले स्नूपिंग करणारे दोन निवडले की झाले. फ्रेम उघडून पाहायला वायरशार्क फुकट मिळते.

कोणी म्हणेल, ही पद्धतच आता जुनी झाली; पुढे एक स्वतंत्र वाटप करणारा बसवावा, म्हणजे गटाच्या पत्त्याची भानगड नको. नव्याने मांडणी करणाऱ्याला मीही हेच सांगेन. एचएप्रॉक्सीसारखी मोफत साधने २००१ पासून आहेत. पण जुन्या मांडण्या एका दिवसात जात नाहीत, आणि त्या सांभाळायला उद्या आपल्यापैकीच कोणीतरी जाणार आहे.

मुदत संपल्यानंतरच्या रविवारी आम्ही एक गोष्ट केली, जी वर्षापूर्वीच व्हायला हवी होती. मी बाहेर रस्त्यावर मोबाईलवरून संकेतस्थळ उघडून उभी राहिले. सरांनी पहिल्या सर्व्हरची केबल उपटली. शिपाईमामा हातातले घड्याळ बघत मोजत होते. पाच-सहा सेकंद पान अडले आणि मग उघडले. केबल परत घातली, दुसऱ्या सर्व्हरची काढली; पुन्हा तेच. मामांनी विचारले, “एवढंच होतं व्हय?” सरांनी मान हलवली.

दोन्ही रॅकच्या दारांवर आता एक कागद चिकटवलेला आहे. समाईक पत्ता कोणता, गट कोणता, क्वेरिअर कोणत्या स्विचवर आहे, आणि केबल हलवण्यापूर्वी कोणाला विचारायचे, एवढे त्यावर आहे. कन्नड मजकूर सरांनी लिहिला, मराठी मी. इंग्रजी कोणी लिहायचा यावर मी निघाले त्या दिवसापर्यंत सर्व्हरवाले सर नेटवर्कवाल्यांकडे आणि नेटवर्कवाले सर सर्व्हरवाल्यांकडे बोट दाखवीत होते.